भाऱ्याची संक्रांत

उसाची ट्रॉली पुढं निघून गेली आणि तिच्यामागं वाढ्यांचा वास रेंगाळत राहिला. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणीवाले कोयत्याच्या एका फटक्यात तो उडवतात. ऊस कारखान्याला जातो आणि वाढं जनावरांपुढं. ऊस गोड म्हणून वाढ्याचा वासही गोड असेल असं ज्याला वाटतं त्यानं तो कधी घेतलेलाच नसतो. तो ओला असतो, जरासा कडवट, आणि नाकात शिरला की थेट घशापर्यंत उतरतो. मी गाडीची काच खाली केली. गाडी चालवत होता माझा धाकटा भाऊ शमुवेल. तो म्हणाला, आक्का, धूळ येईल, दाजींना ठसका लागेल. मी काच वर केली, पण तेवढ्यात जे आत यायचं ते आलं होतं.

शनिवार असल्यानं शिंगणापूरच्या फाट्यावर गाड्यांची रीघ लागली होती आणि आम्ही तिच्यात अडकलो होतो. पुढच्या सीटवर आमचे हे बसले होते, पट्टा बांधून, मान जराशी डावीकडं कललेली. आम्ही माहेरी चाललो होतो, दोन दिवसांसाठी. दोनच, असं मी शमुवेलला नगर सोडायच्या आधी बजावून सांगितलं होतं. बोर्डावर आता अहिल्यानगर लागलंय, पण आमच्या तोंडातून नगर काही जात नाही.

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला आता दोन पावसाळे उलटले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इंजिनाच्या वरताण आवाज काढायची ज्यांना सवय, ज्यांच्या गप्पांपायी घरातला चहा तीनतीनदा गरम करावा लागायचा, त्यांच्यापाशी आता दोनच शब्द उरलेत. एक ‘हं’ आणि एक ‘नको’. ‘हं’ माझ्या वाट्याला, ‘नको’ बाकीच्यांच्या. दुसऱ्या कुणी घास पुढं केला की ते तोंड फिरवतात. म्हणून भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं, सगळं मीच करत आले. मदतीला ठेवलेली बाई मी आठवड्याच्या आत घालवली.

मी जन्मभर दवाखान्यात सिस्टर होते. ‘आता आराम करायचा बरं का’ हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की झोपेतसुद्धा बडबडले असते, झोप लागली असती तर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि लागलाच तर ह्यांचा श्वास बंद पडल्याचा भास होऊन मी दचकून उठायची. प्रार्थनेला डोळे मिटले की देवाऐवजी पुढच्या गोळीची वेळ दिसायची. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली मी उमेदीची वर्षं घालवली त्यांनी परवा माझं बीपी पाहिलं, यंत्राचा पट्टा सोडवला आणि म्हणाले, “सिस्टर, पुढची खाट तुमची.”

तेव्हापासून शमुवेलची बायको रूथ हिनं फोनवर एकच धोशा लावला होता. दोघं गावाला या, महिनाभर राहा, दाजींचं आम्ही बघू, तुम्ही फक्त झोपा. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर सांगितलं नाही, पण मनात एकच होतं. ह्यांना दुसऱ्याच्या हाती सोपवलं की ते ओझं होते असं ठरतं, आणि माझा नवरा ओझं नाही. तरी संक्रांतीनंतरचा रविवार जवळ आला तसं मला राहवेना. त्या रविवारी आमच्या मंडळीत भाऱ्याची संक्रांत असते. जगात दुसरीकडं कुठंही नसते, कारण ती माझ्या एका चुकीतून निघाली आहे.

आमचं मंदिर गावाच्या कडेला, उसाच्या रानाला लागून होतं. आम्ही चर्च म्हणत नसू, मंदिरच म्हणायचो. काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि आत सारवलेली जमीन. पपा तिथले पाळक. मंदिराच्या पाठीमागच्या दोन खोल्या म्हणजे आमचं घर, त्यामुळं माझ्या लहानपणी देव आणि मी यांच्यात एकाच भिंतीचं अंतर होतं आणि त्या भिंतीला पाल होती. शनिवारी संध्याकाळी आई शेणानं जमीन सारवायची आणि मी तिच्यामागं बोटांनी नक्षी काढत जायची. रविवारी सकाळपर्यंत ती वाळायची. तो वाळत्या सारवणाचा वास, त्यात खिडकीतून येणारा उसाचा गारवा आणि पपांच्या कोटाला असलेला डांबराच्या गोळ्यांचा वास, हे तिन्ही एकत्र आले की तो रविवार असायचा. कॅलेंडर बघायची गरजच नव्हती.

घंटा नव्हती. कडुनिंबाच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगला होता, त्याच्यावर लोखंडी दांडक्यानं ठोके द्यायचे. पण खरा कारभार चालायचा तो कारखान्याच्या भोंग्यावर. पपांचं प्रवचन रंगात आलेलं असायचं आणि दुरून भोंगा व्हायचा, लांबलचक, शेवटाला खाली उतरत जाणारा. पपा वाक्य अर्ध्यावर सोडून आमेन म्हणायचे. गावातले लोक गमतीनं म्हणत की पाळकसाहेबांचा देव साखर कारखान्यात पाळीवर आहे. पपांना त्याचा राग येत नसे. तेही हसायचे आणि म्हणायचे की आहेच, तिन्ही पाळ्यांना आहे.

हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून काळी राख उडायची. जळलेल्या चिपाडाची ती राख, हलकी, पिसासारखी. आई रविवारी नेसायचं पांढरं पातळ वाळत घालायची आणि पाच मिनिटांत त्यावर काळे ठिपके पडायचे. झटकायचं नाही, फुंकायचं, नाहीतर डाग पसरतो. आई फुंकायची, मी फुंकायची, लहानगा शमुवेल फुंकता फुंकता थुंकायचा. आजही कुठं पांढरं कापड वाळत घातलेलं दिसलं की माझे ओठ आपोआप फुंकर घालायला पुढं होतात.

आमची उपासना सकाळी नसे, दुपारी असे. याचं कारण लहानपणी मी कधी विचारलं नाही. दिवाळी झाली की पाथर्डीकडून, बीडकडून तोडणीवाले यायचे आणि आमच्या मंदिरापलीकडच्या पडीक रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहायच्या, पाचटाच्या, माणूस वाकूनच आत शिरेल एवढ्या. ओसाड रानाचं रात्रीत गाव व्हायचं. कुत्री, कोंबड्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज, पहाटेच्या चुलींचा धूर. त्यांच्यातली काही कुटुंबं आमच्यासारखी ख्रिस्ती होती. काही नव्हती, पण तीही यायची. उसाला रविवार कळत नाही, तो सातही दिवस तुटायचा. दुपारी गाड्या भरून पुरुष कारखान्याच्या रांगेला गेले की बाया जराशा मोकळ्या व्हायच्या. मग त्या वाढ्यांचे भारे बांधायच्या आणि गावात विकायला निघायच्या. वाटेत आमचं मंदिर.

त्या येताना आधी भारेच दिसायचे. बांधावरून हिरवे ढिगारे डुलत डुलत यायचे आणि खाली फक्त पाय. मंदिराच्या भिंतीशी आल्या की गुडघ्यात वाकून, मानेला एक हिसका देऊन त्या भारा भिंतीला टेकवून खाली सोडायच्या. धप्प असा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजापाठोपाठ बाईच्या तोंडून एक श्वास सुटायचा. ‘आरं माज्या देवा’ म्हणायची कुणी, कुणी नुसतंच ‘हाऽ’. मग डोक्यावरची चुंबळ काढून काखेत मारायची, हौदावर पाय धुवायचे आणि आत येऊन तरटावर बसायचं. भिंतीशी भाऱ्यांची ओळ लागायची. उपासना सुरू झाली की खिडकीतून तो ओला कडवट वास आत यायचा आणि पपा त्या वासात प्रार्थना करायचे.

आणि त्या बाया झोपायच्या. पहिल्या गीतापर्यंत ताठ बसायच्या, ढोलकीवर टाळ्याही वाजवायच्या. प्रवचन सुरू झालं की एकेकीची मान खाली यायला लागायची. कुणी भिंतीला टेकायची, कुणी शेजारणीच्या खांद्यावर. कौसामावशी म्हणून एक होती, पाथर्डीकडची, उंच आणि काळीसावळी, कोयत्यानं बोटांना घट्टे पडलेली. ती सरळ आडवी व्हायची. पदर तोंडावर ओढून घ्यायची आणि बघता बघता घोरायला लागायची. पपांचा आवाज तेव्हा हळू व्हायचा. मला वाटायचं ते विसरले पुढचं. मोठेपणी कळलं की ते तिच्यासाठी हळू बोलत.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना हे पटायचं नाही. कोट-टोपी घालून पुढच्या बाकावर बसणारे गृहस्थ ते. देवाच्या घरात झोपा काढायच्या, हे शोभतं का, असं ते एकदा आमच्या ओट्यावर बसून पपांना म्हणाले. आई चहा ओतत होती. पपांनी बशी खाली ठेवली.

“बोलावणाऱ्या प्रभूनं विसावा देतो म्हणून सांगितलंय,” पपा म्हणाले. “आल्यावर परीक्षा घेतो असं कुठं म्हणालाय?”

ते गृहस्थ चहा पिऊन गेले. पुढच्या रविवारी आईनं तरटांवर आमच्या घरातल्या दोन गोधड्या अंथरल्या. त्या संध्याकाळी गोधड्यांना पाचटाचा वास लागला होता आणि मी त्याच पांघरून झोपले.

उपासना संपली की माझ्या आवडीचा भाग यायचा. भारा खाली टाकायला बाई एकटी पुरते, पण उचलायला पुरत नाही. डोक्यावर चढवायला समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. सगळ्या बाहेर आल्या की भिंतीपाशी एकच शब्द फिरायचा. हात लाव गं. हात लावा की वं. एकीनं दुसरीला हात लावायचा, तिनं तिसरीला, आणि शेवटची उरायची तिला पपा. कोटाच्या बाह्या वर करून पाळकसाहेब वाढ्यांच्या भाऱ्याला हात लावायचे आणि मग घरात येऊन प्रभूच्या प्रार्थनेपेक्षा मोठ्यानं कंबर दुखते म्हणायचे. मलाही एकदा कौसामावशीनं हाक मारली होती. “ये, हात लाव गं पोरी,” ती म्हणाली. मी दोन्ही हातांनी भारा वर ढकलला, खरं तर सगळा तिनंच उचलला, पण डोक्यावर बसल्यावर मला म्हणाली, “लई जोर हाय गं तुज्यात.” त्या रात्री जेवताना मी दंडाची बेडकी काढून सगळ्यांना दाखवली.

अशा दिवसांत माझी ती चूक झाली. रविवारच्या शब्बाथशाळेत आम्हा मुलांना येशूचं तेच वचन पाठ करायला दिलं होतं, कष्टी माणसांना बोलावणारं, विसाव्याचं. त्यात एक जड शब्द आहे, भाराक्रांत, म्हणजे ओझ्यानं दबलेला. मला अजून जोडाक्षरं धड वाचता येत नव्हती, मी सगळं कानानं पाठ करायची. नुकतीच संक्रांत झाली होती. शेजारच्या पाटलांच्या घरून तीळगूळ आला होता, आईनं काचेच्या बरणीत ठेवला होता आणि माझा जीव त्या बरणीत होता. माझ्या कानांनी तो शब्द आपल्या सोयीनं जोडून घेतला. ज्यांच्या डोक्यावर भारे त्यांचा एक सण असतो आणि त्याचं नाव भाऱ्याची संक्रांत, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्या दिवशी देव त्यांना बोलावतो, भारे उतरवून ठेवतो आणि तीळगूळ देतो.

रविवारी सगळ्या मंडळीपुढं उभी राहून मी ते वचन माझ्या पद्धतीनं खणखणीत म्हटलं. कष्टी आणि भाऱ्याची संक्रांत असलेल्या सगळ्यांनी या. आधी पोरं हसली, मग पुढचे बाक हसले, मग ढोलकीवालाही हसला. मी आईकडं पाहिलं. आईनं तोंडाला पदर लावला होता. माझं नाक लाल व्हायला लागलं. तेवढ्यात पाठीमागून, तरटावरून, कौसामावशी उठून बसली. हसण्यानं तिची झोपमोड झाली होती. काय झालं म्हणून तिनं शेजारणीला विचारलं. शेजारणीनं सांगितलं. मावशी हसली नाही.

“आन ती कंदी असती?” तिनं पपांना विचारलं. “आमाला कुनी सांगितलं न्हाई.”

पपांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मग म्हणाले, पुढच्या रविवारी.

आणि पुढच्या रविवारी ती झाली. आईनं बरणी रिकामी केली, वर घरातला सगळा गूळ संपवला. ज्याच्या डोक्यावर जे असेल ते घेऊन यायचं, असं पपांनी कळवलं होतं. बाया वाढ्यांचे भारे घेऊन आल्या, कुणी सरपणाच्या मोळ्या, गावातले ख्रिस्ती शेतकरी ज्वारीची पोती, कुंभारणबाई गाडग्यांची पाटी. ते कोट-टोपीवाले गृहस्थ हात हलवत आले होते. भारे बघितल्यावर परत घरी गेले आणि पाण्यानं भरलेली घागर खांद्यावर घेऊन आले, अर्धी वाटेत सांडलेली. त्या दिवशी प्रवचन नव्हतंच. गीतं झाली, प्रार्थना झाली, मग पपा म्हणाले, आता बसा, टेका, पडा. भोंगा होईपर्यंत कुणी भाऱ्याला शिवायचं नाही. कौलांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते आणि ते हळूहळू माणसांवर चढत होते. इतकी माणसं एकाच वेळी काहीही न करता बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. बाहेर साळुंक्या भाऱ्यांवर भांडत होत्या. मीही आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, तिच्या पदराला गुळाच्या पाकाचा वास येत होता.

हंगाम संपला की सगळं उठून जायचं. चैत्रात कोप्यांच्या जागी काळ्या पडलेल्या चुली उरायच्या, फुटकी बांगडी, लहान मुलाची एखादी चप्पल. पडीक रानात वारं सुटायचं आणि पाचट मंदिराच्या दारापर्यंत उडत यायचं. उन्हाळ्यात उपासनेला सात-आठ माणसं असायची आणि चिमण्या. पपा तेवढ्यांपुढंही पूर्ण आवाजात बोलायचे. झोपलेलं कुणी नसायचं ना, हळू कशाला बोलायचं? नाताळाच्या आधीच्या रात्रींचं आठवतं, चांदणीचा आकाशकंदील बांबूला बांधून आम्ही गीतं म्हणत कोप्यांतून फिरायचो आणि एकेका कोपीतून रॉकेलची चिमणी हातात घेतलेलं माणूस वाकून बाहेर यायचं. करंजी दिली की ते आम्हाला उसाचं कांडं द्यायचं. ते कांडं दातांनी सोलायची कला माझ्या तोंडात अजून आहे, दात मात्र राहिले नाहीत.

कौसामावशी एका वर्षी आली नाही. का, ते कुणी मला सांगितलं नाही आणि मी विचारायचं धाडस केलं नाही. पुढं मी नर्सिंगला गेले, लग्न झालं, पपा आणि आई एकापाठोपाठ ख्रिस्तवासी झाले. आमच्या खोल्यांत आता शमुवेल राहतो. रुळाचा तुकडा कुणीतरी भंगारात घातला. भाऱ्याची संक्रांत मात्र टिकली. नव्या पाळकांना वाटतं ही कुठल्यातरी मिशनरी साहेबानं घालून दिलेली प्रथा आहे. मी खुलासा करत नाही.

या रविवारी दुपारी मी ह्यांची चाकाची खुर्ची ढकलत मंदिरापाशी आले तेव्हा भिंतीशी ओळ लागलेली होती. आता ऊस यंत्रानं तुटतो, पडीक रानात चारदोनच कोप्या उरल्यात. तरी वाढ्यांचे भारे होते. शेजारी कांद्याच्या गोण्या, एक गॅसची टाकी, कुणाची तरी लॅपटॉपची बॅग. एका पाटीत सगळ्यांचे मोबाईल ठेवले होते आणि त्यातला एक न थांबता वाजत होता. जमिनीवर फरशी आली आहे, पण रूथनं सांगितलं की या दिवशी खुर्च्या काढून सतरंज्याच घालतात.

दारात एक बाई सगळ्यांना तीळगूळ देत होती. मला ओळखत नसावी. हसून म्हणाली, मावशी, तुमचा भारा? आणि तिची नजर सहज खुर्चीवर गेली. तिच्या मनात काही नसेलही. माझं मात्र डोकं फिरलं. मी काही आणलेलं नाही, असं मी इतकं तोडून म्हणाले की ती तीळगुळाची वाटी घेऊन बाजूला झाली. ह्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी खुर्ची आत घेतली, भिंतीकडेला लावली, ब्रेक ओढला आणि खाली सतरंजीवर बसून चाकाला हात लावून ठेवला.

गीतं सुरू झाली. चाली त्याच होत्या, पेटीवर कुणी तरुण मुलगी होती. खिडकीतून वास येत होता. मी मनात गोळ्यांचा हिशोब मांडत होते, दोनची झाली, चारची राहिली, आणि मध्ये त्यांना थोडं सरळ करायला हवं. देवा, मला बसू दे जरा, एवढंच मी म्हणाले. गेल्या दोन वर्षांतली माझी ती सगळ्यात प्रामाणिक प्रार्थना असेल. पाळकांनी प्रवचन सुरू केलं, पहिली दोन वाक्यं मी ऐकली.

जाग आली तेव्हा मंदिर रिकामं होतं. माझा गाल सतरंजीवर होता, अंगावर कुणाची तरी शाल होती आणि ऊन समोरच्या भिंतीवरून वर निघून गेलं होतं. एवढ्या माणसांनी उठून जाताना आवाज कसा केला नाही कोण जाणे. मी हात पुढं केला. चाक नव्हतं. खुर्ची नव्हती. चारची गोळी टळून गेली होती. चपला न घालताच मी बाहेर धावले.

कडुनिंबाखाली पंगत बसली होती. हे उन्हात होते, खुर्ची झाडाकडे तोंड करून लावलेली. रूथ त्यांना वाटीतली खिचडी भरवत होती आणि ते खात होते. हनुवटीवर शीत होतं. ते तोडणीवाल्यांपैकी एका अनोळखी बाईनं पदरानं टिपलं, आणि ह्यांनी तेही करू दिलं. त्यांना गोळी दिल्याचं शमुवेलनं मला लांबूनच खुणेनं सांगितलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. खरं सांगायचं तर मत्सर वाटला. मी जवळ गेले आणि रूथला म्हणाले की हे कुणाच्या हातचं खात नाहीत. समोर खात असलेल्या माणसाबद्दल मी हे बोलत होते.

रूथ गोंधळली. मग हळू आवाजात म्हणाली, “आक्का, सकाळी तुमी आंघोळीला गेल्या तवाबी खाल्लं त्यांनी माज्या हातानं. तुमी समोर आल्या की नको म्हनत्यात. तुमाला वाईट वाटंल म्हनून.”

मी ह्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी नजर खाली घेतली, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखी. दोन वर्षं. बाई आली, शेजारीण आली, घास पुढं केला, प्रत्येक वेळी दारातून मी बघत होते आणि प्रत्येक वेळी ते नको म्हणत होते. मी त्यांना सांभाळत होते असं मी समजत होते. ते मला सांभाळत होते, उरलेल्या दोन शब्दांतल्या एकानं, माझ्या हातचं मिळेपर्यंत उपाशी राहून. तरी सवय वाईट. मी रूथच्या हातातली वाटी घ्यायला हात पुढं केलाच.

ह्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला. कपाळावर आठ्या पडल्या. शब्द शोधताना त्यांचं असंच होतं, ओठ हलतात, जीभ आत कुठंतरी अडखळते, आणि शेवटी पुन्हा तेच जुनं काहीतरी बाहेर येतं. पंगतीतली माणसं जेवायची थांबली. शमुवेल उभा राहिला. मी वाट बघत राहिले.

“निज,” ते म्हणाले.

मी वाटीकडं केलेला हात मागं घेतला.